परळची पहिली तारीख

आजार किरकोळ असला म्हणजे माणूस डॉक्टरकडे एकटा जातो. जरा अवघड असला म्हणजे पत्नीला बरोबर घेऊन जातो. आणि ज्या आजाराचे नाव घेताना घरातील मंडळींचा आवाज आपोआप खाली येतो व सुनेने तेवढ्यापुरता टीव्हीही बंद केलेला असतो, त्या आजारात तो जात नाही, त्याला नेले जाते. नेण्याचा निर्णय एकदा झाला की रुग्णाची भूमिका संपते आणि तयारीस आरंभ होतो. तयारी ही आपल्या समाजात अत्यंत प्रतिष्ठित वस्तू आहे. आपण भ्यालो आहोत असे चारचौघांत कबूल करणे कर्त्या पुरुषास शोभत नाही, हातपाय गळाले म्हणून बसून राहणे गृहिणीस परवडत नाही. म्हणून भीती वाटू लागली की पुरुष झेरॉक्स काढावयास जातो आणि स्त्री दशम्यांचे पीठ मळावयास घेते. कर्करोगाच्या रुग्णालयातील पहिल्या तारखेची अशी तयारी मी फार जवळून पाहिली आहे, आणि तीवरून माझे असे मत झाले आहे की तिचा अगदी थोडा भाग रुग्णाच्या उपयोगी पडतो. उरलेली सगळी तयारी करणाऱ्यांच्याच औषधोपचारात खर्ची पडते.

आमचे थोरले चुलते नाना हे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त होऊन कराडास स्थायिक झालेले गृहस्थ. तहसील कचेरीत घालवलेल्या हयातीत फेरफार, वारसनोंद, खातेफोड आणि तगाई अशी असंख्य प्रकरणे त्यांच्या मेजावरून गेली, आणि त्या सर्व प्रकरणांच्या साक्षीला त्यांच्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याची एक गोळी कायम हजर होती. निवृत्तीनंतर प्रकरणे गेली, गोळी राहिली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नेमक्या त्याच ठिकाणी एक पांढरट चट्टा आणि चट्ट्याच्या मध्यभागी एक लहानसा व्रण दिसू लागला. व्रण दुखत नव्हता, हाच त्याच्या निरुपद्रवीपणाचा सज्जड पुरावा समजण्यात आला. वस्तुतः या जातीच्या व्रणाचा खरा खोडसाळपणा हाच, की आरंभी तो बहुधा दुखत नाही. 'दाढ लागली असेल' हा त्यावरील पहिला शेरा, 'पोटात उष्णता झाली' हा दुसरा, आणि 'ब जीवनसत्त्व कमी पडते' हा तिसरा. अशा शेऱ्यांनिशी ते प्रकरण ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत प्रलंबित राहिले. शेवटी दाढ काढून टाकावी म्हणून नाना ज्या दंतवैद्याकडे गेले, त्याने दाढेकडे पाहिलेसुद्धा नाही. गाल आतून-बाहेरून चाचपला, मान दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली, आणि एक शब्द न बोलता एका शल्यचिकित्सकाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. तेथे व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासणीस गेला, आणि काही दिवसांनी 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' या तीन शब्दांचा निकाल लागला.

अहवाल हाती येताच घरातला पहिला ठराव एकमताने मंजूर झाला, तो असा की नानांना काहीही सांगावयाचे नाही. काकूंनी तो कागद तांदळाच्या डब्यात पुरला. चिरंजीवांनी 'गालाला जराशी सूज आहे, एकदा मुंबईला दाखवून येऊ' अशी कैफियत रचली, आणि घरातील सर्वांनी ती तोंडपाठ करून ठेवली. ज्या रुग्णालयाचे नाव महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालादेखील एकाच आजारासाठी ठाऊक आहे, तेथे माणसाला नेऊन आजार मात्र त्याच्यापासून लपवावयाचा कसा, हा प्रश्न कोणालाही पडला नाही, कारण असले प्रश्न पडू नयेत म्हणूनच ठराव एकमताने करावयाचे असतात. या गोपनीयतेचा भंग खुद्द नानांनीच केला. रात्री जेवण आटोपून हात पुसता पुसता ते काकूंना म्हणाले, "अहो, तो अहवाल तांदळातून काढा. किडे लागतील त्याला. मी लॅबमधून दुसरी नक्कल घेतली आहे, शिक्क्यानिशी. रुग्ण मी, नमुना माझा. नकलेचा हक्कही माझाच." ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्यांच्या नकला साक्षांकित केल्या, तो स्वतःच्या गालाचा उतारा घेतल्यावाचून राहील, ही कल्पनाच मुळात भाबडी होती. शिवाय शस्त्रक्रिया असो की औषधे, संमतिपत्रावर सही शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची लागते, चिरंजीवांची नव्हे. तेव्हा हे नाट्य फार तर पहिल्या अंकापुरतेच चालते, आणि तेवढ्या अवधीत एकाच घरात सगळी माणसे एकमेकांपासून तेच गुपित राखीत एकटी पडतात.

मग कोठे जावयाचे यावर मसलत बसली. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे रुग्णालय आहे, नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे आहे, पुण्यातही सोय आहे, हे सर्व यथासांग बोलून झाल्यावर ठरले ते परळच. कारण गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात 'टाटाला दाखवले' हे वाक्य उच्चारल्यावाचून कर्तव्य पूर्ण झाल्याचे समाधान मिळत नाही. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, 1932 साली दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला हे रुग्णालय उघडले. पुढे 1957 साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतले आणि 1962 साली त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत गेला. ही हकीकत मी मसलतीत सांगितली तेव्हा नानांच्या मुद्रेवर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसले. "म्हणजे खाते वर्ग झाले," ते म्हणाले, "माणसे तीच, शिक्का बदलला." शेजारचे निवृत्त सुभेदार मात्र अणुऊर्जा हे नाव ऐकून अंतर्मुख झाले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले की वीज खात्याच्या घरचीच असल्यावर शेक द्यायचे पैसे पडत नसतील ना? किरणोपचाराला आपल्या लोकांनी 'शेक' असे घरगुती नाव देऊन त्याची धास्ती निम्म्याने कमी केली आहे, आणि उरलेली निम्मी सुभेदारांच्या प्रश्नाने त्या संध्याकाळपुरती गेली.

बातमी एकदा बाहेर फुटली की सल्लागारांची रीघ लागते, आणि त्यांत अग्रपूजेचा मान 'आपल्या माणसा'चा. कोणत्याही मोठ्या संस्थेचे दार ठोठावून उघडत नाही, ते आतून कोणीतरी ओढावे लागते, अशी आपल्या लोकांची अचल श्रद्धा आहे. त्या श्रद्धेपोटी बराच तपास होऊन असा शोध लागला की काकूंच्या माहेरच्या एका गृहस्थांचे साडू मुंबईच्या कोणत्याशा मोठ्या रुग्णालयात 'चांगल्या हुद्द्यावर' आहेत. अधिक तपासाअंती तो हुद्दा विद्युत विभागातला निघाला, आणि साडू केव्हाच निवृत्त होऊन देवरुखास आंब्याची कलमे लावीत असल्याचे समजले. तरीही त्यांना फोन करण्यात आला. त्यांनी सांगितले की सकाळी लवकर जा, कागद सगळे न्या आणि रांगेत उभे राहा. हाच सल्ला एखाद्या त्रयस्थाने दिला असता तर त्याची कोणी दखलही घेतली नसती. परंतु वशिल्याने मिळाल्यामुळे तो घरात अत्यंत गोपनीय मानण्यात आला आणि बाहेर कोणाला न सांगण्याची सर्वांना सक्त ताकीद देण्यात आली.

दुसरा वर्ग वनस्पतिवाद्यांचा. एकाने गव्हांकुरांचा रस सुचवला, दुसऱ्याने लक्ष्मणफळाची पाने उकळून आणली, तिसऱ्याने गोमूत्राचा अर्क पाठवला, आणि चौथ्याने कडू जर्दाळूच्या बियांची पुडी हाती ठेवली. या शेवटच्या बियांतले द्रव्य पोटात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होते, एवढी एकच गोष्ट पुडी देणाऱ्यास माहीत नव्हती. बाकी त्याला सर्व माहीत होते. तिसऱ्या वर्गातली मंडळी, 'तुकडा काढायलाच नको होता, सुरी लागली की तो पसरतो,' असे सांगून गेली. गालातला तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही, आणि तुकडा काढल्यावाचून त्याचे नाव कळत नाही व नाव कळल्यावाचून उपचार ठरत नाही, हे त्यांना सांगून उपयोग नसतो, कारण त्यांच्या ओळखीत नेहमी कोणीतरी असतेच. आणि चौथा वर्ग कथाकथनकारांचा. 'आमच्या सासऱ्यांचे अगदी हुबेहूब असेच झाले होते,' असा ते मोठ्या उत्साहाने प्रारंभ करतात, उत्तरार्धाच्या उंबरठ्यापर्यंत येतात, आणि मग गोष्टीचा शेवट आठवून एकदम पाणी मागतात.

या सगळ्या गदारोळात कामाची म्हणावी अशी तयारी एकट्या नानांनी केली, आणि ती त्यांच्या पेशाला धरून होती. कागद अपुरे आहेत म्हणून माणसाला परत पाठवणे ही कला त्यांनी चाळीस वर्षे जोपासली होती, आणि ती आता आपल्यावर कोणी आजमावू नये असा त्यांचा निर्धार होता. सर्व कागद तारीखवार लावले, पृष्ठांक घातले, वर अनुक्रमणिका जोडली. दंतवैद्याची चिठ्ठी, बायॉप्सीचा अहवाल, रक्ताच्या तपासण्या, जुन्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा कागद. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी नेमक्या कोणत्या नावाची व किती मिलिग्रॅमची, याची स्वतंत्र यादी. स्कॅनच्या कागदी अहवालाबरोबर त्याची सीडी, कारण मोठ्या रुग्णालयात दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यापेक्षा चित्र स्वतः पाहणे पसंत करतात. आधारपत्र आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका असे सरकारी दस्तऐवजही लागतात. त्यांपैकी शिधापत्रिका नेहमीच्या ठिकाणी सापडली नाही. संबंध घर पालथे घातल्यावर ती गणपतीच्या मखराच्या खोक्यात मिळाली, आणि ती तेथे कोणी ठेवली या मुद्द्यावर, आजाराचे भान राखून, फक्त अर्धा तास वाद झाला.

परंतु फाइलीहून महत्त्वाची वस्तू म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक. कर्करोगाच्या रुग्णालयात पहिल्या भेटीला हटकून मागतात ती ही जोडी, आणि खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी नेमकी तीच लॅबमध्ये विसरून येतात. ब्लॉक म्हणजे काय हे पाहिल्यावाचून कळत नाही. काड्यापेटीहून किंचित लहान अशी प्लॅस्टिकची चौकट, तिच्या उतरत्या कडेवर बारीक अक्षरात घातलेला क्रमांक, आणि तिच्यातल्या पांढऱ्या घट्ट मेणात रुतून बसलेला एक करडा ठिपका. तो ठिपका म्हणजे नाना. या मेणाचे यंत्राने अवघे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढावयाचे, काचेच्या पट्टीवर ठेवून निळ्या-गुलाबी रंगांत रंगवावयाचे, म्हणजे स्लाइड तयार होते. नव्या रुग्णालयातील तज्ज्ञ त्या स्लाइडी स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा वाचतात आणि गरज पडल्यास ब्लॉकमधून आणखी काप काढतात. कारण पुढील सगळा उपचार ज्या निदानावर उभारावयाचा, त्या निदानाची रुजुवात करून घेतल्यावाचून पाऊल उचलणे हे कोणत्याही चांगल्या दप्तराला शोभत नाही. नानांना ही पद्धत इतकी पटली की लॅबमधल्या मुलीने ब्लॉक दिल्याबद्दल त्यांची सही मागितली तेव्हा त्यांनी तो मिळाल्याची स्वतंत्र पोच तिच्याकडूनही लिहून घेतली. घरी आल्यावर आवक-जावक वहीत नोंद झाली: काचपट्टी, नग दोन, मेणाचा ठोकळा, नग एक.

काकूंनी त्या ठोकळ्याची व्यवस्था मात्र आपल्या पद्धतीने लावली. मेण वितळेल या धास्तीने त्यांनी तो आधी फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवला. लोण्याशेजारी बरे दिसेना म्हणून देव्हाऱ्यात नेला. आणि देव्हाऱ्यात निरांजनाची आच लागेल म्हणून पुन्हा लोण्याकडे आणला. "अहो, या मेणाला वितळायला साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते," नाना शांतपणे म्हणाले, "कराडात ती अजून पडलेली नाही." तरी ब्लॉक प्रवासास निघाला तो मलमलीच्या फडक्यात, काकूंच्या स्वतःच्या पर्समध्ये, मंगळसूत्राच्या डबीशेजारी.

सामानाविषयी फार लिहीत नाही. थर्मास, चादरी, छत्री, सुपारीएवढ्या गाठी मारलेल्या पिशव्या हे सर्व होतेच. दशम्यांबरोबर लसणाची लालभडक चटणी घेतली होती, आणि ज्याच्यासाठी हा सारा प्रवास त्या गालाला तिखटाचा कणही सोसत नाही हे गाडी सुटल्यावर लक्षात आले. खरी चर्चा झाली ती बरोबर कोणी जावयाचे यावर. प्रत्येकाला जावयाचे होते आणि प्रत्येकाचे कारण भावनिक असल्यामुळे ते खोडता येत नव्हते. उतरावयाचे कोठे हाही मुद्दा होताच. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची जी धर्मशाळा आहे, तिने देशभरातल्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आजवर आसरा दिला आहे, पण तिचा नुसता उल्लेख होताच डोंबिवलीच्या मेव्हण्यांनी, 'आम्ही काय मेलो आहोत काय?' असा निर्वाणीचा सवाल टाकला. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णास स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये पूर्ण सवलत देते, सोबत्यालाही भाड्यात तीन चतुर्थांश सूट देते. परंतु तिला रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी रुग्णालयात जावे लागते, म्हणून पहिली खेप बहुतेकांची पदरच्या पैशांनीच होते. या नियमात नानांना काहीच वावगे वाटले नाही. ते म्हणाले, "दाखला आणण्यासाठी हेलपाटा हा लागतोच. त्याशिवाय दाखल्याला किंमत काय?"

न्यू जर्सीत असलेल्या नातीने व्हिडिओवर प्रश्नांची यादी पाठवली होती. ती छापली तेव्हा कित्येक पाने भरली. त्यांत पेशींचे प्रकार, नव्या औषधांची नावे आणि पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे टक्के विचारावयास सांगितले होते. काकूंनी यादीत एकच प्रश्न वाढवला, तो म्हणजे उपवास चालतील का. 'स्टेज' कोणती हा प्रश्न सर्वांच्याच यादीत होता, आणि स्टेज म्हणजे काय हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते मी नानांना त्यांच्याच भाषेत समजावून दिले. या आजाराची मोजणी जमिनीच्या मोजणीप्रमाणे तीन सदरांत होते: 'टी' म्हणजे मूळ गाठीचे क्षेत्र, तिचा आकार आणि खोली, 'एन' म्हणजे शेजारच्या गटात, येथे मानेतल्या लसिकाग्रंथींत, अतिक्रमण झाले आहे काय, आणि 'एम' म्हणजे दूरच्या गावी, फुप्फुसात वगैरे, बेनामी धारणा आढळते काय. या तिन्हींची बेरीज करून जी श्रेणी ठरते ती स्टेज. "म्हणजे मोजणी झाल्याशिवाय निकाल नाही," नाना म्हणाले, "मग ही पोरे आत्तापासून टक्केवारी कसली काढतात?" संबंध घरात आजार समजलेला तो पहिला माणूस, आणि ज्याला काही कळू द्यावयाचे नाही असे ठरले होते तोही तोच.

आता खुद्द तारखेविषयी. महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे दादर, तेथून टॅक्सीने परळ, नोंदणी, केस नंबर, आणि मग बाकावर बसणे. ते बसणे हाच पहिल्या भेटीचा सर्वांत दीर्घ भाग असतो, आणि त्याची तयारी मात्र कोणी करीत नाही. आसाम, बंगाल, बिहार, विदर्भ असा अवघा देश तेथे मांडीवर फाइल घेऊन बसलेला असतो, आणि नाकात नळी असलेली चार वर्षांची मुलगी त्यांच्यामधून फुगा घेऊन पळत असते. नानांनी शेजारच्या दरभंग्याच्या गृहस्थांची फाइल पाहावयास मागितली, कागद उलटसुलट लागलेले पाहून त्यांना राहवेना, आणि पाळी येईपर्यंत त्यांनी ती तारीखवार लावून पृष्ठांकित करून दिली. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नव्हती. पण दप्तर ही भाषा हिंदुस्थानभर एकच आहे.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी न्यू जर्सीची यादी पाहिली, ती आदराने बाजूला ठेवली आणि नानांना तोंड उघडावयास सांगितले. दिवा पाडला, हातमोज्याच्या बोटाने गाल आतून चाचपला, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये किती बोटे मावतात ते पाहिले, मागे उभ्या राहून मान कानापासून हंसळीपर्यंत बोटांनी वाचून काढली. मग विचारले, "तंबाखू?" या प्रश्नाचे उत्तर घरच्या मंडळींनी एका सुरात दिले, आणि ते 'अगदी कधीतरी' असे होते. नानांनी खाकरून घसा साफ केला. "चाळीस वर्षे," ते म्हणाले, "रोज दहा-बारा वेळा. चुना वेगळा. नोंद घ्या." आणि मग, कोणाच्याही यादीत नसलेला प्रश्न त्यांनी विचारला, "बाई, आज सोडली तर आता काही उपयोग आहे, की ती मुदत गेली?" बाईंनी लेखणी खाली ठेवली. "आहे," त्या म्हणाल्या. सोडली तर शस्त्रक्रियेची जखम चांगली भरते, शेकाचा गुण अधिक येतो आणि तोंडात दुसरीकडे नवा आजार उद्भवण्याचा धोका कमी होतो. मुदत गेली असे या बाबतीत केव्हाच नसते. नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून चंची काढली आणि मेजाखालच्या टोपलीत टाकली. ती चंची घरातून निघतानाच काढून घेतल्याबद्दल काकूंची खात्री होती. ती दुसरी होती.

यानंतर निकाल लागेल या अपेक्षेने सर्वांनी श्वास रोखून धरला होता. निकाल लागला नाही. स्लाइडी तपासणीस जमा झाल्या, स्कॅन लिहून मिळाला, छातीची तपासणी मिळाली, दंतविभागाची चिठ्ठी मिळाली, आणि सर्व अहवाल आल्यावर शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व औषधतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतील असे सांगून बाईंनी पुढची तारीख दिली. पहिली भेट ही बहुधा अशीच असते. तीत फैसला होत नाही, प्रकरण दाखल होते. घरच्यांची तोंडे पडली, नानांनी मात्र तारीख वहीत उतरून घेतली आणि बाहेर येताना मला म्हणाले, "अरे, कागद एकही अपुरा निघाला नाही."

तात्पर्य सांगावयाचे तर फार मोठे नाही. अशी तारीख ज्यांच्यावर येईल त्यांनी स्लाइडी, ब्लॉक, सीडी आणि चालू औषधांची यादी बरोबर घ्यावी. झाडपाल्याचे काही पोटात गेले असल्यास तेही लाज न बाळगता सांगावे. ज्याला ऐकता आणि लिहून घेता येते असा एकच माणूस बरोबर न्यावा. प्रश्न तीन न्यावेत आणि त्यांतला पहिला रुग्णाला विचारून लिहावा. बाकीची तयारी मनाच्या समाधानासाठी खुशाल करावी. परंतु एक गोष्ट विसरू नये: आमच्या घरात जाण्याची तयारी चार दिवसांत झाली आणि जाण्याचे ठरावयास ज्येष्ठापासून आश्विन उजाडला. तेव्हा ज्यांच्यावर अद्याप तारीख आलेली नाही त्यांनी आज आरशासमोर तोंड उघडून पाहावे. गालात, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर फाइल नको, दशम्या नकोत, आपला माणूसही नको; जवळच्या दंतवैद्याकडे चालत जावे, आणि दुखू लागण्याची वाट न पाहता जावे.